फ्रेंच उच्चारांची तोंडओळख

आपण मराठी माणसे रोज थोडेसे फ्रेंच बोलत असतो आणि त्यातील काही भाग बऱ्यापैकी शुद्धही असतो. एस.टी.चा वाहक गाडी डेपोत लावतो. त्या शब्दाच्या शेवटी रोमन लिपीत ‘टी’ हे अक्षर उभे आहे, परंतु तो ‘डेपॉट’ म्हणत नाही. सत्कारसमारंभात आपण ‘बुके’ देतो, लग्नात ‘बुफे’ जेवतो. ‘बुकेट’ आणि ‘बुफेट’ म्हणणाराला आपण हसूसुद्धा. शब्दाच्या शेवटचे व्यंजन लिहावे पण बहुधा बोलू नये, हा फ्रेंच उच्चाराचा पहिला नियम इंग्रजीच्या मार्गाने आपल्यापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे. तेव्हा, श्रोतेहो, फ्रेंच ही अगदीच परकी भाषा आहे असे भय बाळगण्याचे कारण नाही. भय बाळगायचेच तर ते दुसऱ्याच एका ठिकाणी बाळगले पाहिजे, आणि ते ठिकाण मला ज्या प्रसंगाने कळले तो आधी सांगतो.

फ्रान्समध्ये असताना एका मित्राच्या वृद्ध आईने मला खेड्यातील आपल्या घरी जेवावयास बोलाविले होते. तालुक्याच्या गावापर्यंत आगगाडी, तेथून पुढे बस. बसची वेळ मी खिडकीपाशी विचारली. उत्तर मिळाले, ते मी ‘दोन वाजून दहा मिनिटे’ असे ऐकले. मी निश्चिंतपणे बागेत जाऊन बसलो. दोन वाजता परतलो तेव्हा कळले की बस बारा वाजून दहा मिनिटांनीच निघून गेली आणि पुढली बस संध्याकाळी आहे. फ्रेंचमध्ये ‘दोन वाजता’ आणि ‘बारा वाजता’ यांत एका स्वराचाच काय तो फरक आहे. बारा म्हणताना त्यात आपला सरळ ‘ऊ’ असतो. दोन म्हणताना जो स्वर येतो तो आपल्याकडे नाही. त्यासाठी जीभ ‘ए’च्या जागी ठेवायची आणि ओठ मात्र ‘ओ’सारखे गोल करायचे. माझ्या वहीत हे दोन्ही शब्द मी देवनागरीत ‘दूझर’ असेच लिहून ठेवले होते. देवनागरी ही ध्वनींना प्रामाणिक लिपी आहे असा आपला अभिमान असतो, आणि तो रास्तही आहे. परंतु ती प्रामाणिक आहे ती आपल्या ध्वनींशी. जो ध्वनी आपल्याकडे नाहीच, त्याला ती जवळचे एखादे अक्षर देते आणि मग डोळे कानाला फसवू लागतात. त्या दिवशी बिचाऱ्या म्हाताऱ्या बाई पानावर किती वेळ वाट पाहत बसल्या असतील, याची रुखरुख मला आजही आहे.

येथूनच आरंभ करू. फ्रेंच स्वर परंपरेने सोळा मानतात, आणि ते लिहावयास अक्षरे मात्र पाच-सहाच. यांतील बरेच स्वर आपल्या तोंडात तयार आहेत. ‘ई’, ‘ए’, ‘ओ’, ‘ऊ’ यांसाठी कोणाकडे जावयास नको. ‘ए’चा एक उघडा, पसरट प्रकार आहे. तो मराठीत नाही, पण उत्तर हिंदुस्थानात राहणाऱ्या श्रोत्यांच्या कानांवर तो रोज पडतो. दिल्लीचा माणूस ‘पैसा’ किंवा ‘बैल’ म्हणतो त्यातील ‘ऐ’ तो हाच. हिंदीतील ‘पैर’ म्हणा आणि शेवटचा ‘र’ घशाकडे ढकला, म्हणजे फ्रेंचमधला ‘बाप’ झाला.

खरी गाठ पडते ती ओठ गोल करून म्हणावयाच्या पुढल्या स्वरांशी, म्हणजे जीभ पुढे, दातांपाशी, आणि ओठ मात्र ‘ऊ’चे किंवा ‘ओ’चे. मराठीत जीभ पुढे गेली की ओठ पसरतात आणि जीभ मागे गेली की ओठ गोल होतात. ‘ई’ म्हणताना चेहरा हसरा दिसतो, ‘ऊ’ म्हणताना शीळ घालावी तसा. फ्रेंच माणूस या दोन गोष्टींची फारकत करतो. कृती सोपी आहे. आरशासमोर उभे राहा आणि लांब ‘ई’ म्हणू लागा. आवाज न थांबविता आणि जीभ तसूभरही न हलविता ओठ हळूहळू शीळ घालण्यासारखे पुढे आणा. जो ध्वनी निघेल तोच फ्रेंच ‘यू’. ओठ पुढे येता येता जीभही मागे घसरू पाहते, कारण जन्मभर दोघी एकत्र फिरल्या आहेत. तिला धरून ठेवणे एवढाच काय तो अभ्यास. याच रीतीने ‘ए’ म्हणत ओठ गोल केले की त्या चुकलेल्या बसमधला ‘दोन’ मिळतो.

हा स्वर चुकला तर काय बिघडते? पुष्कळ बिघडते. मध्यमपुरुषी एकवचनी सर्वनाम मराठीत ‘तू’, फ्रेंचमध्येही जवळजवळ ‘तू’. दोन्ही भाषांचे मूळ कूळ एकच, तेव्हा हे साम्य योगायोगाचे नव्हे. परंतु आपला मराठी ‘तू’ जसाच्या तसा उच्चारला तर फ्रेंच माणसास ऐकू येते ‘सर्व’. ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थाचे फ्रेंच शब्द घ्या. ‘द्-स्-’ येथपर्यंत दोन्ही एकच. पुढे गोल ओठांचा ‘ई’ आला तर ‘वर’, साधा ‘ऊ’ आला तर ‘खाली’. पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली हे जेथे एका स्वरावर ठरते, तेथे आळस करून चालत नाही. पुदुच्चेरीच्या जुन्या फ्रेंच वस्तीत रस्त्यांच्या पाट्यांवर आजही ‘रस्ता’ या अर्थाचा फ्रेंच शब्द वाचावयास मिळतो. तो सरळ ‘रू’ असा वाचला की रस्त्याचे चाक होते.

या स्वराचे एक साहित्यिक भाग्यही आहे. मोलिएरच्या 1670 सालच्या ‘ल बुर्झ्वा जाँतीयोम’ या प्रहसनात एक धनिक गृहस्थ थोर समाजात मिरवण्यासाठी शिक्षक ठेवतो. तत्त्वज्ञानाचा शिक्षक त्याला तत्त्वज्ञान सोडून स्वर कसे उच्चारावे ते शिकवू लागतो, आणि आपण जन्मभर जे करीत आलो त्याला एवढे शास्त्र आहे हे ऐकून त्या गृहस्थास परमानंद होतो. गोल ओठांच्या या स्वराविषयी शिक्षक सांगतो की तो म्हणताना चेहरा एखाद्यास वेडावून दाखविल्यासारखा होतो. प्रेक्षक हसतात, पण ध्वनिशास्त्र म्हणून ते वर्णन अचूक आहे. मराठी विद्यार्थ्यांस हा स्वर बहुधा लाजेमुळे साधत नाही, असे माझे मत आहे. प्रौढ माणसास चारचौघांत तोंड वेडेवाकडे करणे जड जाते.

त्याच प्रहसनात ‘र’ही येतो, आणि तेथे आपल्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे. शिक्षक सांगतो की जिभेचे टोक टाळूला लावावे आणि ते वाऱ्याने थरथरू द्यावे. हा तर आपला मराठी ‘र’! म्हणजे सतराव्या शतकात पॅरिसमध्ये शिष्ट ‘र’ आपल्यासारखाच होता. घशातला ‘र’ नंतर रूढ झाला आणि हळूहळू शिष्टसंमत ठरला. फ्रान्सच्या खेड्यांतून जुना ‘र’ विसाव्या शतकातही ऐकू येत असे, आणि आफ्रिकेतील कित्येक फ्रेंचभाषक आजही जिभेच्या टोकानेच ‘र’ म्हणतात. ज्यांना नवा ‘र’ हवाच असेल त्यांनी उर्दूकडे पाहावे. ‘ग़ज़ल’ हा शब्द जाणकार ज्या ‘ग़’ने म्हणतात, तो सैल सोडला की पॅरिसचा ‘र’ जवळ येतो, आणि ‘त’, ‘प’, ‘क’ यांच्या शेजारी तो ‘ख़’कडे झुकतो. मात्र या ‘र’च्या पायी महिनेच्या महिने घालविणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. गुळण्या केल्याचे आवाज काढून ते घरच्यांस हैराण करतात आणि ‘वर’-‘खाली’चा स्वर मात्र तसाच चुकीचा ठेवतात. मराठी ‘र’ने बोललात तर तुम्ही परके आहात एवढेच ऐकणाराला कळेल. स्वर चुकलात तर तुम्ही काय म्हणता तेच कळणार नाही.

आता नाकातले स्वर. हा फ्रेंचचा सर्वांत प्रसिद्ध विशेष, आणि या बाबतीत मराठी माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत आपण ‘घरीं’, ‘मुलें’, ‘केलें’ असे अनुस्वार लिहीत होतो. ते एके काळी नाकातून उच्चारले जात. पुढे देशावरील बोलीतून उच्चार गेला, टिंब राहिले, आणि शेवटी टिंबही गेले. कोकणीत मात्र नाकातला स्वर जिवंत आहे, त्यामुळे गोव्याच्या श्रोत्यांना हा धडा सोपा जाईल. इतरांनी हिंदीचा आधार घ्यावा. हिंदीतील ‘मैं’ म्हणा. फ्रेंचमध्ये ‘हात’ या शब्दाचा उच्चार जवळजवळ असाच आहे. हिंदीतील ‘हाँ’ किंवा ‘माँ’ म्हणा, दुसरा नासिक्य स्वर जवळ आला. या दोहोंत ‘न’ किंवा ‘म’ कोठेच उच्चारला जात नाही. जीभ कोठे टेकत नाही, ओठ मिटत नाहीत, स्वरच नाकातून वाहतो. मराठी ‘अंत’, ‘पंप’ यांत आपण अनुस्वाराचा लगेच ‘न’ किंवा ‘म’ करतो. ती खोड येथे सोडावयाची.

परंपरेने असे स्वर चार. ‘एक चांगली पांढरी वाइन’ या अर्थाच्या चार फ्रेंच शब्दांत ते चारही ओळीने येतात, म्हणून मास्तरांचा तो आवडता नमुना आहे. पॅरिसकडे आता त्यांतील दोन एकरूप झाले आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये चारही टिकून आहेत आणि त्यांच्या शेपटीला पुष्कळदा ‘ङ’ची किंचित झाकही ऐकू येते. नव्या विद्यार्थ्याने तीनांवर समाधान मानावे.

या नासिक्य स्वरांत कित्येकदा लिंगभेद दडलेला असतो. ‘मी भारतीय आहे’ हे वाक्य आपणांपैकी ज्याला फ्रेंचशी काम पडेल त्याला पहिल्याच दिवशी म्हणावे लागते. पुरुषाने म्हणावयाचे ‘अँद्-यँ’. दोन्ही स्वर नाकात, शेवटी ‘न’ नाही. स्त्रीने म्हणावयाचे ‘अँद्-येन’. शेवटचा स्वर नाकातून बाहेर आला आणि ‘न’ स्पष्ट झाला. पुरुषाने शेवटी ‘न’ म्हटला की त्याने स्वतःला स्त्री म्हणून घेतले. नियम असा की ‘न’ किंवा ‘म’ अवयवाच्या शेवटी असला तर तो स्वरात विरतो, आणि त्यापुढे स्वर आला किंवा त्याचे द्वित्व झाले की बहुधा तो पुन्हा उभा राहतो.

व्यंजनांत मात्र आपण भाग्यवान आहोत. आपली अडचण फ्रेंच नव्हे, इंग्रजी. रोमन अक्षर दिसले की आपण ते इंग्रजी वळणाने वाचतो आणि ‘टी’ला ‘ट’, ‘डी’ला ‘ड’ म्हणतो. फ्रेंच ‘टी’ म्हणजे आपला दंत्य ‘त’, ‘डी’ म्हणजे दंत्य ‘द’. टेबलाला फ्रेंच माणूस ‘ताब्ल’ म्हणतो. ‘प’, ‘त’, ‘क’ यांत इंग्रजासारखा हकाराचा झोत नाही. इंग्रज विद्यार्थ्याला तो झोत आवरण्यासाठी तोंडासमोर कागदाचा कपटा धरून सराव करावा लागतो. ज्याच्या वर्णमालेत ‘प’ आणि ‘फ’ वेगवेगळ्या खणांत ठेवलेले आहेत त्याला त्याची गरज काय? शब्दावर इंग्रजीसारखा ठोकाही नाही. अवयव सारख्या पावलांनी चालतात आणि भार पडलाच तर शब्दसमूहाच्या शेवटी. बाराखडीत निरुद्योगी बसलेल्या ‘ञ’लादेखील फ्रेंचमध्ये काम मिळते. डोंगर या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या शेवटी आणि ‘शॅम्पेन’च्या मूळ उच्चाराच्या शेवटी शुद्ध ‘ञ’ आहे.

नवा शिकावयाचा तो एक ‘झ’सारखा ध्वनी, ‘श’चा घोष भाऊ. ‘स’ म्हणताना कंठातून नाद दिला की जसा ‘ज़’ होतो, तसा ‘श’ म्हणताना नाद द्यावा. मराठी भाषेच्या घडणीचा इतिहास ज्याने प्रथम शास्त्रीय रीतीने लिहिला आणि ज्याचा ग्रंथ 1920 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, त्या ज्यूल ब्लॉकच्या पहिल्या नावात हा ध्वनीही आहे आणि तो गोल ओठांचा स्वरही आहे. मराठीचा एवढा मोठा उपकारकर्ता, आणि त्याचे नाव नीट घ्यावयाचे तर मराठीत नसलेले दोन ध्वनी शिकणे प्राप्त!

फ्रेंच लेखनपद्धतीची थट्टा करण्याची सर्वत्र चाल आहे. पक्षी या अर्थाचा शब्द सहा अक्षरांचा; त्यात पाचही स्वराक्षरे येतात, आणि उच्चार काय, तर ‘वाज़ो’. पाणी या शब्दाची अक्षरे तीन, उच्चार नुसता ‘ओ’, आणि त्या तिनांत ‘ओ’ हे अक्षर नाही. परंतु या गोंधळात एक शिस्त आहे, ती थट्टा करणारे विसरतात. अक्षरांवरून उच्चार काढणे फ्रेंचमध्ये इंग्रजीपेक्षा पुष्कळ सोपे आहे, कारण तीच तीन अक्षरे एकत्र आली की बहुधा ‘ओ’च होतो. अवघड आहे ते उलट, ऐकलेले लिहिणे. हिरवा, काचेचा पेला, किडा आणि ‘च्या दिशेने’ हे चार शब्द कानाला सारखेच.

ही निःशब्द अक्षरे आली कोठून? काही जुन्या उच्चारांची स्मारके आहेत, तर काही पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून मागाहून बसविली. ‘वीस’ या शब्दात ‘जी’ आहे तो लॅटिन मुळामुळे. उच्चार नुसता ‘व्हँ’. वजन या अर्थाच्या शब्दात तर एक ‘डी’ चुकीच्या व्युत्पत्तीने येऊन बसला आहे. शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला असे समजून तो बसविला, त्यापासून तो आलेलाच नाही, आणि चूक ध्यानी आल्यावरही तो उठला नाही. आपल्या व्युत्पत्तीच्या अनुस्वारांवर ज्यांनी वाद घातले त्यांना हे वाचून गंमत वाटेल. फ्रान्सनेही 1990 साली लेखनात काही सुधारणा सुचविल्या. कांद्याच्या नावातले एक अक्षर त्यांनी ऐच्छिक केले, आणि तेवढ्यावरूनही तेथे वर्तमानपत्रांतून शब्दांचा भडिमार झाला.

शेवटची मुकी व्यंजने मात्र पुरती मेलेली नसतात, झोपलेली असतात. पुढला शब्द स्वराने सुरू झाला की ती जागी होऊन त्याला बिलगतात. ‘मित्र’ हा शब्द एकटा ‘आमी’, पण अनेकवचनी उपपद मागे लागले की ‘ले-ज़ामी’. संस्कृत संधी शिकलेल्याला हे नवे नाही. ‘जगत्’ आणि ‘ईश’ मिळून ‘जगदीश’ होतो, तेथे ‘त’चा ‘द’ झाला. फ्रेंचमध्ये ‘थोर मनुष्य’ म्हणताना ‘डी’चा ‘त’ होतो, ‘ग्राँ-तॉम’. नेमके उलट! जुन्या फ्रेंचमध्ये शब्दान्तीचा ‘द’ ‘त’सारखा उच्चारीत, त्याचा हा अवशेष. हे सांधे कोठे जोडावे आणि कोठे जोडू नयेत याला नियम आहेत, ते हळूहळू कळतात. एक मात्र लगेच सांगतो. ‘एच’ फ्रेंचमध्ये कधीच उच्चारीत नाहीत, तरी काही शब्दांतला ‘एच’ भिंतीसारखा उभा राहून सांधा होऊ देत नाही. ‘वीरपुरुष’ या शब्दाचे अनेकवचन ‘ले एरो’ असे मध्ये थांबून म्हणावयाचे. उत्साहाच्या भरात ‘ले-ज़ेरो’ म्हटलेत की वीरांची शून्ये झाली. स्मारकापुढे भाषण करावयाचे असेल तर एवढे तरी पाठ करून जावे.

सांधा नसतो तेथे गळती असते. ‘शनिवार’ लिहिताना तीन अवयवांचा, बोलताना ‘साम्दी’. मधला मुका स्वर गळाला. आपण ‘करणे’ लिहितो आणि ‘कर्णे’ म्हणतो, तसेच. ‘घर’ लिहितो, ‘घर्’ म्हणतो. मात्र श्लोक म्हणताना अंत्य ‘अ’ जागा होतो आणि त्याची मात्रा धरली जाते. फ्रेंच अभिजात पद्यातही व्यंजनापूर्वीचा हा मुका स्वर जागा होतो आणि त्याचा अवयव मोजला जातो. हे साम्य मला प्रथम उमगले तेव्हा फार दूरच्या गावी कोणी ओळखीचे भेटावे तसे वाटले होते.

त्या चुकलेल्या बसची हकीकत पुरी करावयाची राहिली. संध्याकाळच्या बसने मी पोहोचलो. बाईंनी अन्न पुन्हा गरम केले, रागावल्या नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी दोन चमचे घेतले, एक टेबलावर ठेवला, एक टेबलाखाली धरला, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून मला ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणावयास लावले. माझे तोंड त्यांना हवे तसे वेडेवाकडे होईपर्यंत त्यांनी मला सोडले नाही. पुढल्या खेपेस बोलावणे आले तेव्हा वेळ मात्र त्यांनी ‘मिदी’ अशी कळविली. ‘मिदी’ म्हणजे दुपारचे बारा. त्या शब्दात मराठी माणसाने चुकावे असे एकही अक्षर नाही.